ताऱ्याच्या खात्यातला फरक

बँकेतल्या जुन्या माणसांना एक मंत्र पाठ असतो. रात्री हिशोब जुळला नाही, तर आलेल्या फरकाला आधी नऊने भागून बघायचं. भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे असं समजायचं. कुणीतरी चोपन्नचे पंचेचाळीस केलेत, नाहीतर पंचेचाळीसचे चोपन्न.

१९८६ सालची गोष्ट. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. मी नुकताच ऑफिसर झालेला, बाजारपेठेच्या गावातली शाखा, संगणकाचा मागमूस नाही. संध्याकाळी कॅशमध्ये नऊशे रुपये कमी भरले. आमचे कॅशिअर पन्नाशीचे गृहस्थ होते, सगळी शाखा त्यांना 'काका' म्हणायची. नऊशेला नऊने भाग जातो हे सगळ्यांच्याच लक्षात आलं आणि आम्ही स्लिपांचे गठ्ठे घेऊन बसलो. माझ्या वाट्याला पैसे भरण्याच्या स्लिपा आल्या. पुढच्या बाजूला रक्कम, मागच्या बाजूला नोटांचा तपशील. प्रत्येक स्लिप उलटून बघायची आणि लाल पेन्सिलीने टिक करायची. रात्री साडेअकराला शेवटच्या पन्नासेक स्लिपा मी उलटल्याच नाहीत. नुसत्या टिका केल्या. काकांनी नऊशे रुपये पदरचे भरले. तेव्हा ती रक्कम त्यांच्या अर्ध्या पगारापेक्षा जास्त होती.

पाच महिन्यांनी ऑडिटमध्ये ती स्लिप सापडली. पुढे ५,४०० आणि मागे शंभराच्या पंचेचाळीस नोटा. त्यावर माझी लाल टिक. काकांची तोवर बदली झाली होती. पैसे त्यांना रीतसर परत गेले, पण त्यांच्या फायलीतला 'निष्काळजीपणा' हा शेरा काही कुणी काढला नाही. त्या टिकेबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही. कादंबऱ्यांत मी पुष्कळ माणसांकडून पुष्कळ कबुल्या वदवून घेतल्या; ही मात्र राहिली.

हे सगळं आज आठवायचं कारण एक तारा आहे.

निवृत्त झाल्यावर वर्षातले पाच-सहा महिने मी माण तालुक्यातल्या आमच्या गावी राहू लागलो. दुष्काळी तालुका. पावसाने आम्हाला कायम हात आखडता घेतला, पण त्याची भरपाई म्हणा किंवा थट्टा म्हणा, आकाश मात्र सढळ हाताने दिलं. घराच्या गच्चीवर रात्री पाठ टेकली की पुण्यात चाळीस वर्षांत दिसले नव्हते इतके तारे दिसतात. मुलाने दिलेलं एक साधं बायनॉक्युलर होतं. पहिलं वर्ष 'हे काय, ते काय' करण्यात गेलं. मग एका जुन्या पुस्तकात रूपविकारी ताऱ्यांबद्दल वाचलं आणि मी त्या नादाला लागलो.

रूपविकारी म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे तारे. काहींना त्यासाठी वर्ष लागतं, काहींना महिने. निवृत्त माणसाला इतका धीर कुठला! मला हवा होता रोख व्यवहार, एका बैठकीत दिसणारा. तसा एक तारा आहे. त्याचं नाव आरआर लायरी. हे नाव एखाद्या लेजरच्या पानाच्या क्रमांकासारखं वाटतं आणि ते आहेही तसंच. एखाद्या तारकासमूहात रूपविकारी तारे सापडत गेले की 'आर'पासून 'झेड'पर्यंत अक्षरं द्यायची, ती संपली की 'आरआर'. म्हणजे स्वरमंडळ या तारकासमूहात अशा पद्धतीने नाव मिळालेला हा दहावा तारा.

ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवेलागणीनंतर तासाभराने, वायव्येकडे बघा. सर्वांत तेजस्वी पांढरानिळा तारा म्हणजे अभिजित. त्याच्या वरच्या अंगाला हंस पंख पसरून उडालेला असतो. अभिजितपासून हंसाच्या जवळच्या पंखातल्या ठळक ताऱ्यापर्यंत मनाने रेघ ओढा आणि तिच्यावर दोन तृतीयांशाहून थोडं पुढे जा. रेघेला जवळजवळ लागूनच आपला तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, बायनॉक्युलरमधून दिसतो, आणि पहिल्यांदा दिसल्यावर सपशेल निराशा होते. धान्यातल्या एका कणीसारखा. आजूबाजूला तशाच पन्नास कण्या.

पण या कणीचं तेज तासातासाला बदलतं. ताऱ्यांचं तेज 'प्रती'त मोजतात आणि तो हिशोब उलटा असतो. आकडा वाढला की तारा मंद. हा तारा आठव्या प्रतीपर्यंत उतरतो आणि मग अडीच तासांच्या आसपास सातव्या प्रतीपर्यंत चढतो. म्हणजे अडीचपट उजळतो. चढायला वेळ कमी, उतरायला जास्त. संपूर्ण फेरा १३ तास ३६ मिनिटं आणि सुमारे १७ सेकंदांचा. अशा सात फेऱ्यांना चार दिवसांपेक्षा ४६ मिनिटं कमी लागतात, त्यामुळे आज जो चढ नऊला दिसला तो चार दिवसांनी सव्वाआठला दिसणार. हे गणित मी पहिल्याच रात्री करून ठेवलं. बँकेची सवय.

तो असा का करतो? चुलीवर भाताचं पातेलं ठेवलंय अशी कल्पना करा. झाकण घट्ट आहे. वाफ कोंडते, झाकण उचलतं, वाफ निसटते, झाकण खाली पडतं, पुन्हा वाफ कोंडते. ताऱ्याच्या वरच्या थरांत हेलियम वायू हे झाकणाचं काम करतो. तारा आकसला की हा थर तापतो आणि आतून येणारी उष्णता अडवून धरतो. त्या कोंडलेल्या उष्णतेने तारा फुगतो. फुगल्यावर थर निवतो, उष्णता निसटते, आणि तारा पुन्हा आपल्या वजनाने आकसतो. असे तारे एक हजार कोटी वर्षांहून अधिक वयाचे, वजनाने सूर्यापेक्षा हलके आणि तेजाने त्याच्या चाळीस-पन्नासपट असतात. आपल्याला आज दिसणारा या ताऱ्याचा प्रकाश आठशेहून अधिक वर्षांपूर्वी निघाला, देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हा.

हा तारा शोधला एका मोलकरणीने. विल्यमिना फ्लेमिंग ही स्कॉटलंडची बाई. नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली, पोटात मूल असताना नवऱ्याने टाकली. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी ती कामाला लागली. पुढे पिकरिंगनी तिला वेधशाळेत नेलं. काचेच्या तबकड्यांवर घेतलेले आकाशाचे फोटो तपासायला तिथे बायका ठेवत, कारण त्या काटेकोर काम करत आणि पगार कमी घेत. (हे दुसरं कारण बँकेत असताना मी इतरत्रही ऐकलं आहे.) एकाच जागेचे वेगवेगळ्या तारखांचे फोटो ताडून बघता बघता बाईंना हा तारा सापडला, १९०१ साली तो जाहीर झाला. त्याच वेधशाळेच्या पेरू देशातल्या शाखेत सोलन बेली यांनी गोलाकार तारकागुच्छांत असे शेकडो तारे शोधले. त्यांतला एक गुच्छ, ओमेगा सेंटॉरी, नरतुरंगात आहे आणि एप्रिलच्या रात्री आमच्या गच्चीवरून दक्षिणेला कापसाच्या बोंडासारखा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

या ताऱ्यांचा उपयोग काय? उपयोग असा की, ते सगळे साधारण सारख्याच तेजाचे असतात. गल्लीतले सगळे दिवे सारख्याच वॅटचे आहेत हे माहीत असलं, तर कुठला दिवा किती लांब आहे हे त्याच्या मंदपणावरून सांगता येतं. हार्लो शॅपली यांनी १९१८च्या सुमारास याच रीतीने गोलाकार गुच्छांची अंतरं काढली आणि सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नसून पार एका बाजूला आहे हे दाखवून दिलं. आपण गावाच्या चावडीत नाही, वेशीजवळच्या वस्तीत राहतो हे माणसाला कळलं ते या कण्यांमुळे.

पण मला खरा मोह पडला तो पुढच्या हकिगतीचा, कारण ती शुद्ध हिशोबातल्या फरकाची आहे.

या ताऱ्यांचे एक थोरले भाऊबंद आहेत. त्यांना सेफीड म्हणतात. त्यांचा फेरा काही दिवसांचा असतो आणि ते कितीतरी जास्त तेजस्वी असतात, म्हणून खूप लांबूनही दिसतात. त्यांचा मूळ पुरुष वृषपर्वा तारकासमूहात आहे. १७८४ साली इंग्लंडमधल्या यॉर्क गावच्या जॉन गुडरिक नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने तो नुसत्या डोळ्यांनी ओळखला. हा मुलगा बहिरा होता आणि एकविसाव्या वर्षी वारला. पुढे हार्वर्डच्याच हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली सिद्ध केलं की, सेफीडचा फेरा जितका लांब तितका तो मुळात तेजस्वी. झालं, अंतराची गजकाठी हाती आली. एडविन हबल यांना १९२३च्या ऑक्टोबरात देवयानीतल्या धूसर ठिपक्यात एक सेफीड सापडला आणि त्यांनी अंतर काढलं, सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. म्हणजे तो ठिपका आकाशगंगेच्या बाहेरची एक वेगळीच दीर्घिका होती. महाभारतात वृषपर्व्याच्या लेकीला देवयानीची दासी व्हावं लागलं. इथे वृषपर्व्याच्या ताऱ्याने देवयानीचं घर मोजून दिलं.

हिशोब झकास होता, फक्त एका ठिकाणी जुळत नव्हता. या अंतरांवरून विश्वाचं वय काढलं की ते सुमारे दोनशे कोटी वर्षं यायचं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघायचे. आईपेक्षा मूल मोठं! असा फरक आला की आमच्याकडे तो 'सस्पेन्स' खात्यात टाकून तात्पुरती सही करतात. शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं जवळपास तेच केलं.

तो उलगडला वॉल्टर बाडे यांनी. जर्मनीतून अमेरिकेत आलेले, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बाकीचे युद्धाच्या कामावर गेले आणि माउंट विल्सनची शंभर इंची दुर्बीण बाडेंच्या वाट्याला आली. त्यात खाली लॉस एंजेलिस शहरात युद्धामुळे दिवे मंद केलेले. एवढा अंधार त्या डोंगराला पुन्हा लाभला नाही. युद्धानंतर पॅलोमारची दोनशे इंची दुर्बीण उभी राहिली, तेव्हा बाडेंनी ठरवलं की देवयानीतले आरआर लायरी जातीचे तारे शोधायचे. हबलचं अंतर बरोबर असेल तर ते बाविसाव्या प्रतीच्या आसपास, दुर्बिणीच्या टप्प्यात, दिसायलाच हवेत. त्यांनी फोटो काढले. तारे नव्हते. पुन्हा काढले. एकही नाही.

इथे मी नेहमी थबकतो. दुसरा कुणी म्हणाला असता, हवा बरी नव्हती, तबकडी जुनी होती, पुढच्या वर्षी बघू. बाडेंनी 'नाहीत' हीच नोंद खरी धरली. तारे दिसत नाहीत याचा अर्थ ते आणखी लांब आहेत. म्हणजे देवयानीच दुप्पट लांब आहे. म्हणजे सेफीडच्या हिशोबातच चूक आहे. आणि होतीच. सेफीड दोन प्रकारचे असतात, एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी तेजस्वी, आणि सगळ्यांनी ते एकच धरले होते. एकाच नावाच्या दोन खातेदारांची बाकी एका पानावर! १९५२ साली रोमच्या परिषदेत बाडेंनी हे मांडलं आणि विश्व एका दिवसात दुप्पट मोठं झालं. नंतर आणखी दुरुस्त्या होत देवयानीचं अंतर पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आणि विश्वाचं वय १३८० कोटी वर्षांवर स्थिरावलं. बाडेंना न दिसलेले तारे १९८७ साली हवाई बेटावरच्या दुर्बिणीतून दिसले, थेट पंचविसाव्या प्रतीच्या पलीकडे. ते तिथेच होते.

आता माझी गोष्ट. माझ्यासारख्यांना कॅमेरा लागत नाही. ताऱ्याच्या जवळचे दोन न बदलणारे तारे घ्यायचे, एक त्याच्यापेक्षा तेजस्वी, एक मंद. तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो याचा अंदाज करायचा आणि आकडा टिपायचा. अर्धा तास अंधारात बसून डोळे निवू द्यायचे, टॉर्चला लाल कागद लावायचा. ही रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. या रीतीतला माझा कुलपुरुष म्हणजे राधागोविंद चंद्र. बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी, एंट्रन्सच्या परीक्षेत तीनदा नापास, आणि तीन इंची दुर्बिणीतून केलेली कामगिरी अशी की, अमेरिकेच्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संस्थेने त्यांना १९२६ साली आपण होऊन सहा इंची दुर्बीण पाठवली. आयुष्यात ३७ हजारांहून अधिक नोंदी. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंकडे गेली आणि कावलूरला पोचली. दिवसभर खरं-खोटं नाणं पारखणारा माणूस रात्रीही तेच करत होता.

माझ्याकडे जुन्या पुस्तकातली ताऱ्याच्या कमाल तेजाची एक वेळ होती. तिच्यात फेरे मिळवत मी पुढच्या वर्षांचा तक्ता बनवला. २०२१च्या ऑक्टोबर अखेरीस एका रात्री तक्त्याप्रमाणे पावणेआठला चढ सुरू व्हायचा होता. साडेसातला ८.०. आठला ८.०. साडेआठला पुन्हा ८.०. तारा ढिम्म. पावणेनऊनंतर कुठे हालचाल. कच्च्या वहीत मी हे लिहिलं. खाली येऊन पक्क्या वहीत उतरवताना मात्र विचार केला, वय झालं, डोळे थकले असतील, धुरकट असेल. आणि आठच्या पुढे लिहिलं ७.९, साडेआठच्या पुढे ७.७. तक्त्याबरहुकूम. आलेख इतका देखणा आला की मी तो बायकोला दाखवला.

चार दिवसांनी, ४६ मिनिटं आधीच्या हिशोबाने, पुन्हा बसलो. चढ पुन्हा तासाभराने उशिरा. आता धूर नव्हता, डोळ्यांना झोप नव्हती. मग लक्षात आलं की चुकला होता तो तक्ता. या ताऱ्याचा फेरा कायम तोच राहत नाही, वर्षानुवर्षांत सेकंद-दोन सेकंदांनी मागेपुढे होतो. वर्षाला ६४४ फेरे होतात. फेऱ्यामागे एक सेकंद म्हटलं तरी वर्षाला पावणेअकरा मिनिटं, सहा वर्षांत तासाहून जास्त. हे चक्रवाढीसारखं साठत जाणारं देणं मला कळू नये? शिवाय या ताऱ्याला आणखी एक खोड आहे. सुमारे चाळीस दिवसांच्या अंतराने त्याच्या चढाची उंची आणि वेळही डोलते. ती का, यावर अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही. ज्यांच्या मदतीने ते कधीतरी होईल त्या नोंदी अशाच, 'आज उशीर केला' असं सांगणाऱ्या. आणि नेमकी तशी नोंद हातात आली असताना मी ती सुधारून ठेवली होती. स्लिप न उलटता टिक केली होती.

कच्ची वही होती म्हणून बरं. बँकेत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. पक्क्या वहीत तसं केलं. रेघेखालचे ७.९ आणि ७.७ अजून स्वच्छ दिसतात.

काकांचा पत्ता मी त्यानंतर शोधला. जुन्या सहकाऱ्यांकडून कळलं की त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या मुलाला पत्र लिहिलं, त्या रात्रीच्या पन्नास स्लिपांबद्दल. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. वडील घरी या प्रकाराबद्दल कधीच बोलले नव्हते, पण पुढे प्रत्येक नोट दोनदा मोजायचे, घरखर्चाचीसुद्धा; त्याचं कारण आज कळलं, असं त्याने लिहिलं होतं. ते पत्र पक्क्या वहीतच ठेवलंय.

आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने तारा दिसत नाही. ऑक्टोबरात ढग हटले की मी पुन्हा गच्चीवर जातो. गेल्या दिवाळीत नात आली होती, इयत्ता आठवीतली. तिला दोन्ही तुलनेचे तारे दाखवले, तक्ता मुद्दाम खालीच ठेवला. सव्वाआठला ती म्हणाली, "आजोबा, ७.६." मला ७.८ वाटत होता. तिचे डोळे माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी तरुण. पण ती बघत होती पहिल्यांदा, मी पाचव्या वर्षी. तिने विचारलं, कुठला लिहायचा? एकाखाली एक दोन्ही लिहिले आणि पुढे दोघांची नावं.